परदेशातील भीमाच्या नातवंडांना कोण सांगणार?

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले ते एकटे. बडोदा संस्थानची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, त्यातच स्वतःचे भागवायचे आणि घरचेही बघायचे. रमाई मुंबईत राहिल्या. त्यांची चार मुले बालपणीच गेली. त्या त्यागाच्या बळावर आज आपल्या समाजातील मुलगा वा मुलगी अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात नोकरीला जाते तेव्हा एकटी जात नाही. नवरा, बायको, कडेवरचे मूल आणि बॅगेत कपड्यांच्या घडीत जपून ठेवलेली बाबासाहेबांची तसबीर, असा सारा संसार विमानात बसतो. याचा आम्हाला अभिमान आहेच. प्रश्न पुढचा आहे. ती तसबीर तिथल्या दिवाणखान्यात लागते, की कपाटातच राहते?

भाड्याचे घर, मुलांची शाळा, गाडीचा परवाना ही कामे वर्षभरात मार्गी लागतात. मग कुटुंब आपल्या माणसांचा शोध घेऊ लागते. परमुलखात मराठी कानावर पडली की जीव सुखावतो. पण ओळख दोन वाक्ये पुढे गेली की चौकशी सुरू होते. गाव कोणते? आडनाव काय? तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा? हा शेवटचा प्रश्न वरवर साधा. पण विचारणाऱ्याला काय काढून घ्यायचे आहे, हे आपल्या माणसाला न सांगता कळते. मग पाहुणे यायच्या आधी तसबीर आतल्या खोलीत जाते आणि मुलांपुढे हा विषयच निघत नाही.

यावर काही बांधव म्हणतात, 'कोवळ्या मनावर जातीचे ओझे कशाला? मुले तिकडेच वाढणार, तिकडे जात आहेच कुठे?' आईबापाची ही काळजी खोटी नाही. जे आपण भोगले ते लेकरांच्या कानावरही पडू नये, असे कोणाला वाटणार नाही? परंतु जात तिकडे नाही, हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात बाबासाहेबांनी श्री. व्यं. केतकरांच्या मताचा आधार घेऊन बजावले होते की, हिंदू माणूस जगभर पसरला तर जात हा जगाचा प्रश्न होईल. २०२० साली एका भारतीय अभियंत्याला कामाच्या ठिकाणी जातीवरून दुय्यम वागणूक मिळाल्याचा दावा कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेनेच दाखल केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदाला बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेले तशाच आशयाचे विधेयक गव्हर्नरांनी ऑक्टोबरमध्ये नाकारले. जात तिकडे नसती, तर कायद्याची ही लढाई कशासाठी झाली असती?

आपण सांगितले नाही म्हणून मूल अजाण राहील, हा भ्रम आहे. कॅलिफोर्नियात सहावीच्या वर्गात प्राचीन भारताचा इतिहास शिकवतात, त्यात जातिव्यवस्था येते. २००५-०६ साली याच पाठ्यपुस्तकांतील जातीविषयीचा मजकूर बदलून घेण्यासाठी काही हिंदू संघटनांनी जोर लावला होता आणि आपल्या बांधवांनी अभ्यासकांच्या बरोबरीने त्याला विरोध केला होता. असा धडा ऐकून मूल घरी येते आणि विचारते, 'आई, आपण यातले कोण?' त्या दिवशी आई गप्प राहिली तर मूल एवढेच शिकते की, आपल्यात काहीतरी लपवण्यासारखे आहे. जातीचे खरे ओझे ते हेच!

वास्तविक सांगायला सोपी वाट तिथल्या शाळेनेच करून दिली आहे. अमेरिकेतील मूल अगदी लहान वयात मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव शिकते. १९५५ साली बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्सची गोष्ट ते घरी येऊन सांगते. त्याच रात्री त्याला २० मार्च १९२७ च्या चवदार तळ्याची गोष्ट सांगावी. १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्या जनतेचे नेते डू बॉइस यांना पत्र लिहिले होते, हेही सांगावे. मग मुलाला आपला इतिहास अपमानाचा नव्हे, लढ्याचा वाटेल आणि शेजारच्या बाकावरचे काळे मूल त्याला आपले वाटेल.

घरात मराठी बोलली जावी, तीही यासाठीच. मराठी गेली तर १९२० चा 'मूकनायक' आणि १९२७ चा 'बहिष्कृत भारत' या मुलांना मुळातून कधीच वाचता येणार नाही. बाळंतपणासाठी सहा महिने येणारी आजी आपल्याबरोबर भीमाची गाणी घेऊन येते. नातवाला तिची भाषाच कळली नाही तर ती गाणी तिच्याबरोबरच परत जातील. एका शहरात आपली चार कुटुंबे असली तरी रविवारचा एक तास मुलांसाठी काढता येतो. लंडनमध्ये बाबासाहेब राहिले ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. २०२३ मध्ये मेरीलँड राज्यात त्यांचा पुतळा उभा राहिला. सुट्टीत डिस्नेलँड जरूर दाखवा, एकदा इथेही न्या.

बाबासाहेब परदेशातून पदव्यांबरोबर माणूसपणाचे भान घेऊन परतले आणि ते त्यांनी समाजाला दिले. त्याच परदेशात आपण आपली ओळख चोरून जगायचे काय? नोकरीच्या ठिकाणी काय सांगायचे, किती सांगायचे, हे ज्याचे त्याने परिस्थिती पाहून ठरवावे. पोटाचा प्रश्न आहे, तिथे दुरून उपदेश करणे सोपे असते. पण आपल्या घरात, आपल्या लेकरांसमोर तरी भिण्याचे कारण नाही. बांधवांनो, तसबीर दिवाणखान्यात लावा. मूल विचारील, हे कोण? तिथून सुरुवात करा.