काडी कोरडी निघाली, केक गेला

पुण्यातल्या एका गृहसंकुलात गेल्या रविवारी घरगुती बेकिंगचं प्रदर्शन भरलं होतं. फेब्रुवारीचा शेवट, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी भरात. त्यामुळे बऱ्याच टेबलांवर एकच पदार्थ मांडलेला होता, स्ट्रॉबेरी आणि क्रीम चीजची नागमोडी नक्षी असलेला केक. दिसायला सगळेच देखणे. कापल्यावर मात्र त्यातल्या बहुतेकांचा भुगा पडत होता. चीजचे पट्टे आकसून पिवळे पडलेले, फळाचा रस आटून चामट झालेला. हा केक खायचा तो त्याच्या ओलसर, चमच्याला चिकटणाऱ्या मध्यभागासाठी, आणि इथे मध्यभाग कडेइतकाच कोरडा होता.

एका काकूंनी टेबलामागच्या मुलीला कारण विचारलं. तिने सरळ सांगितलं, "काकू, ओला ठेवला की लोक परत आणून देतात. कच्चा राहिलाय म्हणतात. म्हणून मी आता काडी स्वच्छ निघेपर्यंत काढतच नाही."

या उत्तराचा राग त्या मुलीवर काढण्यात अर्थ नाही. चांगला पदार्थ करता येणाऱ्या हाताला गिऱ्हाइकाने वाईट पदार्थ करायला लावला, हे खरं दुखणं आहे. या सदरात वाटी-कपाची मापं चालत नाहीत, ग्रॅमच चालतात, हे जुन्या वाचकांना माहीत आहे. मैद्याचा कप कुणी कसा भरतो त्यावर 120 ग्रॅमही होतो आणि 150 ग्रॅमही. पण वजनाची एवढी शिस्त पाळून केलेला केक शेवटच्या दहा मिनिटांत एका काडीपायी वाया जात असेल, तर त्या काडीबद्दलही बोललं पाहिजे.

काडीचा नियम साध्या स्पंजसाठी आहे आणि तिथे तो अगदी बरोबर आहे. स्पंजचं आतलं तापमान 96 ते 98 अंश सेल्सिअसपर्यंत गेलं की मैद्यातला स्टार्च फुगून घट्ट झालेला असतो, अंडं आळलेलं असतं आणि काडीला पीठ लागत नाही. क्रीम चीज आणि अंड्याचं मिश्रण मात्र याच्या कितीतरी आधी तयार होतं. चीजकेक करणारे लोक मध्यभाग 65 ते 68 अंशांवर असतानाच ओव्हन बंद करतात. त्यापुढे प्रथिनं आवळत जातात, पाणी सोडतात आणि चीज रवाळ होतं. नक्षीच्या केकमध्ये ही दोन्ही मिश्रणं एकाच भांड्यात शेजारी शेजारी असतात. स्पंजचा नियम दोघांना लावला की चीजचा बळी जातो. शिवाय काडी नेमकी चीजच्या पट्ट्यात घुसली, तर केक कितीही भाजला तरी ती माखूनच बाहेर येणार. मग आणखी दहा मिनिटं, आणखी पाच मिनिटं, आणि शेवटी भुगा.

"कच्चा" या आक्षेपातही तथ्य नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सूचनेप्रमाणे अंड्याचा पदार्थ आतून 71 अंशांना पोचला की तो खायला सुरक्षित असतो. केकचं पीठ त्याच्या कितीतरी पुढे गेलेलं असतं. ज्याला खात्री हवी त्याने सुईचा थर्मामीटर घ्यावा. ज्याच्याकडे तो नाही त्याने काडी कडेपासून दोन बोटं आत, चीज नसलेल्या जागी घालावी. तिथे ती स्वच्छ निघाली आणि भांडं हलवल्यावर मधला भाग वाफवलेल्या खरवसासारखा थरथरला, की ओव्हन बंद. त्यानंतर केकला हात लावायचा नाही. दोन तास बाहेर, मग निदान चार तास फ्रिजमध्ये. लोणी आणि चीजमधली चरबी थंड झाल्यावर पुन्हा घट्ट होते, तेव्हा कुठे तो धड कापता येतो. प्रदर्शनात गरमागरम केक विकण्याची जी हौस असते, ती निदान या केकसाठी सोडून द्यावी.

या पदार्थाची वंशावळ थोडक्यात अशी. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात जर्मन वंशाच्या बेकरीवाल्यांची जुनी वस्ती. तिथे 1930 च्या दशकात, मंदीच्या काळात, कुणाकडून तरी लोणी आणि मैद्याचं प्रमाण उलटसुलट झालं, माल फेकणं परवडणारं नव्हतं म्हणून तो तसाच विकला गेला आणि लोकांना आवडला, अशी कथा सांगतात. त्या चुकीचे दावेदार एकापेक्षा जास्त आहेत. तोच गूई बटर केक. बेकरीतल्या मूळ प्रकारात खाली यीस्टचं गोड पीठ असतं आणि क्रीम चीज नसतं. चीज आलं ते घरगुती आवृत्तीत, तयार केक मिक्सच्या पाकिटाबरोबर. क्रीम चीज त्याहून जुनं. न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावच्या विल्यम लॉरेन्स यांनी ते 1872 च्या सुमारास बनवायला घेतलं आणि 1880 पासून ते फिलाडेल्फिया या नावाने विकलं जाऊ लागलं. अमेरिकी कायद्याप्रमाणे त्यात किमान 33 टक्के स्निग्धांश लागतो आणि पाणी 55 टक्क्यांच्या वर चालत नाही.

हे शेवटचे दोन आकडे जपून ठेवावेत, कारण आपल्याकडे त्यांचाच उपयोग आहे. डिसेंबर 2021 मध्ये अमेरिकेत क्रीम चीजची मोठी टंचाई झाली. मागणी वाढलेली, कामगार कमी, त्यात ऑक्टोबरमध्ये विस्कॉन्सिनमधल्या एका मोठ्या चीज कंपनीवर सायबर हल्ला झालेला. तेव्हा फिलाडेल्फिया बनवणाऱ्या क्राफ्ट कंपनीने 18 हजार लोकांना प्रत्येकी 20 डॉलर देऊ केले, कशासाठी तर नाताळात चीजकेक न करता दुसरं काहीतरी गोड करावं म्हणून. एक डबा बाजारातून नाहीसा झाला तर एका देशाचा सण अडतो. मराठी घराला ही भीती असायचं कारण नाही, कारण मराठी घरात चक्का आहे.

तरीही आपली बेकर मंडळी लहानशा डब्याला चढे पैसे मोजतात आणि चक्क्याकडे श्रीखंडापलीकडे बघत नाहीत. त्यांची तक्रार एकच: चक्का घातला की केक पाणी सोडतो. तक्रार खरी आहे आणि तिचं कारण आकड्यांत आहे. आपल्या अन्न नियमांप्रमाणे चक्क्यात घन भाग किमान 30 टक्के असावा लागतो आणि त्या घन भागाच्या 33 टक्के स्निग्धांश. म्हणजे पाणी 70 टक्क्यांपर्यंत असू शकतं आणि स्निग्धांश सगळा मिळून दहा टक्क्यांच्या आसपास. क्रीम चीजच्या तो एक तृतीयांशही नाही. शिवाय चक्का अधिक आंबट, त्यामुळे उष्णतेने लवकर फाटतो. तो आहे तसा घातला तर केक बिघडणारच.

उपायही याच हिशेबातून निघतो. म्हशीच्या सायीसकट दुधाचं ताजं दही रात्रभर टांगावं आणि सकाळी फडक्यासकट चाळणीत ठेवून त्यावर दोन-तीन तास वजन ठेवावं. अशा 200 ग्रॅम चक्क्यात 50 ग्रॅम मऊ, बिनमिठाचं लोणी फेटलं की स्निग्धांश पाव हिश्श्याच्या जवळ जातो. त्यात 60 ग्रॅम पिठीसाखर, एका अंड्याचा बलक आणि एक सपाट चमचा कॉर्नफ्लोअर घालावं. हे कॉर्नफ्लोअर सुटणारं पाणी धरून ठेवतं. लिंबू घालायची गरज नाही, आंबटपणा आधीच आहे. पट्टे जाड ओढावेत आणि सुरी दोन-तीनदाच फिरवावी. फार फिरवली की चीज पिठात मिसळून जातं आणि नक्षीही राहत नाही, चवही नाही. हा पट्टा विकतच्या क्रीम चीजइतका गुळगुळीत होत नाही. चवीला मात्र तो जास्त ताजा, दुधाळ लागतो आणि फळाशी त्याचं चांगलं जमतं.

फळाचीही अशीच गोष्ट. स्ट्रॉबेरीत सुमारे 91 टक्के पाणी असतं. 300 ग्रॅम फळ चिरून कच्चं घातलं तर 270 ग्रॅमहून जास्त पाणी केकमध्ये ओतल्यासारखं होतं. मग जो चिखल होतो त्याला ओलसर केक म्हणत नाहीत, आणि गिऱ्हाइकाने परत आणलेल्या काही केकांचं खरं कारण हेच असणार. फळात 60 ग्रॅम साखर आणि चमचाभर लिंबाचा रस घालून ते निम्मं होईपर्यंत आटवावं, पूर्ण थंड करावं आणि मगच वापरावं. बाटलीतला लालभडक क्रश हा याला पर्याय नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पाचगणीजवळच्या भिलारला लोक पुस्तकांचं गाव म्हणून जातात, आणि त्या गावाच्या चारी बाजूंना स्ट्रॉबेरीचीच शेतं आहेत. एवढं चांगलं फळ पुण्याच्या मंडईत येत असताना केकमध्ये बाटली रिकामी करणं हा त्या शेतकऱ्याचा अपमान आहे.

स्ट्रॉबेरी संपली की हीच मंडळी परदेशी ब्लूबेरीचे डबे फोडतात. खरं तर एप्रिल-मेमध्ये करवंदं येतात, जूनमध्ये जांभळं. पालघर जिल्ह्यातल्या बहाडोलीच्या जांभळाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. जांभूळ तुरट, आंबट-गोड आणि गडद रंगाचं. क्रीम चीजच्या किंवा चक्क्याच्या स्निग्धपणाला ज्या धारेची गरज असते, ती त्यात पुरेपूर आहे. करवंदं शिजवून चाळणीतून गाळली की बिया आणि चीक दोन्ही मागे राहतात.

जांभळाच्या बाबतीत एकच पथ्य पाळायचं. त्याचा रंग अँथोसायनिन या द्रव्याचा असतो. ते आंबट मिश्रणात लाल-जांभळं राहतं आणि अल्कलीत निळसर-हिरवं होतं. आपल्याकडच्या बिनअंड्याच्या केकमध्ये खाण्याचा सोडा सढळ हाताने पडतो, आणि मग जांभळाच्या कडेला करडी-हिरवी रेघ उमटते. गिऱ्हाईक त्याला बुरशी समजतं. दह्यातला केक आणि सोड्याऐवजी मोजून बेकिंग पावडर वापरली की हा प्रश्न राहत नाही. 20 सेंटिमीटरच्या चौकोनी भांड्याला 180 ग्रॅम मैदा, 150 ग्रॅम साखर, 110 ग्रॅम लोणी, दोन अंडी, 120 ग्रॅम दही आणि दीड लहान चमचा बेकिंग पावडर पुरते. ओव्हन 170 अंशांवर, आणि पस्तिसाव्या मिनिटापासून लक्ष ठेवायचं.

अननस घालायचा तर तोही आधी शिजवूनच. कच्च्या अननसातलं ब्रोमेलेन दुधाची प्रथिनं तोडतं आणि चक्का कडवट होतो. शिजवल्यावर ते निष्प्रभ होतं. हापूसचा रस आटवून, लिंबू पिळून चालतो. घोलवडच्या चिकूलाही भौगोलिक मानांकन आहे आणि फळ म्हणून तो उत्तमच, पण त्यात आंबटपणा जवळजवळ नाही, त्यामुळे या केकात तो घालू नये. एकाच फळाचं नाव घ्यायचं तर ते जांभळाचं. जूनमध्ये ती बाजारात आली की अर्धा किलो जास्त घ्या, बिया काढून गर साखरेत आटवा आणि फ्रीजरमध्ये ठेवून द्या. ब्लूबेरीचा डबा घ्यायची वेळ येणार नाही.