आकडा राजारामचा, पाणी शिरोळचे

पावसाळा लागला की कोल्हापूर जिल्ह्यात एक आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीचा. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ असते. हा आकडा उतरू लागला की ‘पूर ओसरतोय’ अशा बातम्या येतात आणि शहराचा जीव भांड्यात पडतो. त्याच वेळी शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत मात्र पाणी चढत असते, किंवा चढून जागचे हलत नसते. जिल्ह्याची बातमी आणि तालुक्याची परिस्थिती यांत असे अंतर पडते, ते कोणी खोटे सांगते म्हणून नव्हे. आकडा खराच असतो, फक्त तो शिरोळचा नसतो.

शिरोळ हा जिल्ह्याचा पूर्वेकडचा शेवटचा तालुका. जिल्ह्यात आणि शेजारी पडलेले बरेचसे पाणी शेवटी इथून जाते. कोयनेचे पाणी घेऊन येणाऱ्या कृष्णेला सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते, पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते, आणि तालुक्याच्या दक्षिण अंगाने दूधगंगा वाहत जाऊन पुढे कर्नाटकात कृष्णेत शिरते. राजापूर बंधारा ओलांडला की कृष्णा महाराष्ट्राबाहेर पडते. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही, ते मागे फुगते. या फुगवट्यामुळे कोल्हापुरात पाऊस थांबला, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे मिटले, तरी कुरुंदवाड, औरवाड, कवठेगुलंद, खिद्रापूर या पट्ट्यातले पाणी इंचाइंचानेच उतरते. शिरोळचा पूर एका नदीचा नाही आणि एका धरणाचाही नाही, त्यामुळे एका ठिकाणचा आकडा त्याची हकीकत सांगू शकत नाही.

गेल्या दोन महापुरांची तुलना केली की हे पटते. राजाराम बंधाऱ्यावर २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फूट ७ इंचांपर्यंत गेले, तर २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फूट ३ इंचांपर्यंत. पंचगंगेच्या हिशेबाने २०२१ चा पूर मोठा ठरला. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ मात्र उलटे झाले. तिथे २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि २०२१ मध्ये त्याहून खालीच राहिले. शिरोळ या दोन मोजपट्ट्यांच्या मध्ये आणि दोन्हींच्या खालच्या अंगाला आहे. ‘यंदा मागच्यापेक्षा कमी आहे’ हे वाक्य इथे कोणत्या नदीबद्दल आहे हे सांगितल्याशिवाय अर्धवट राहते.

पाटबंधारे खाते पातळ्या कळवत नाही, असेही नाही. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, नृसिंहवाडी, राजापूर अशी ओळीने फुटांची यादी पावसाळ्यात रोज निघते. तिच्यात रुई आणि इचलकरंजीचे आकडे राजारामपेक्षा वीस-पंचवीस फुटांनी मोठे दिसतात. नव्या माणसाला वाटेल, तिथे पूर कितीतरी मोठा आहे. खरे कारण एवढेच, की प्रत्येक बंधाऱ्याच्या मोजपट्टीचे शून्य वेगळ्या जागी धरलेले आहे. एका पट्टीचा आकडा दुसरीशी ताडून पाहता येत नाही, तो त्याच पट्टीच्या इशारा पातळीशीच ताडावा लागतो. यादीत आकडा असतो, पण त्याच्या शेजारी ही पातळी आणि तिचा अर्थ क्वचितच असतो. धरणांचे आकडे आणखी निराळे. साठा टीएमसीत, विसर्ग क्युसेकमध्ये, कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी मीटरमध्ये. साधारण साडेअकरा हजार क्युसेक विसर्ग दिवसभर चालला की एक टीएमसी पाणी धरणातून खाली जाते, एवढा हिशेब माहीत असलेला माणूसही ‘कोयनेतून इतके हजार क्युसेक’ ऐकून आपल्या गोठ्यात पाणी कधी येईल हे सांगू शकत नाही.

नागरिकाला हवे असते ते यापुढचे. गावाचा रस्ता कोणत्या पातळीला बंद होतो, उद्या सकाळी तो चालू असेल का, एसटी कुठून फिरेल, जनावरे कुठे न्यायची, तिथे वैरण आहे का, गरोदर बाईला किंवा डायलिसिसच्या रुग्णाला आजच हलवावे का. सरकारी माहिती आणि हे प्रश्न यांच्यामधला जो शेवटचा टप्पा आहे, तो आज नागरिकाने स्वतःच्या अंदाजाने पार करायचा असतो. जुनी माणसे तो अनुभवावर करत आली आहेत. नृसिंहवाडीच्या दत्त मंदिरात दक्षिणद्वार सोहळा झाला, म्हणजे पाणी पादुकांवरून वाहून गेले, की काठचे लोक आपापला हिशेब मांडतात. पण २०१९ ने हा अनुभवही तोकडा पाडला. २००५ च्या खुणेपर्यंतच पाणी येईल असे धरून बसलेली घरे त्या वर्षी वेढली गेली.

त्या वेळी लोक वेळेत का निघाले नाहीत, याचे उत्तर ‘ऐकत नाहीत’ असे देऊन मोकळे होता येणार नाही. इथले घर म्हणजे दोन म्हशी, एक गाय, वैरणीची गंज आणि वर्षाचे धान्य. जनावराची सोय कळल्याशिवाय शेतकरी उंबरा सोडत नाही, आणि तो सोडत नाही म्हणून घरातले म्हातारे-कोतारेही राहतात. रस्ता गेल्यावर उरते फक्त नाव. सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटली आणि माणसे गेली. शेवटच्या क्षणाची सुटका किती महाग पडते, हे त्या दिवशी दिसले. म्हणून ‘सुरक्षित स्थळी जावे’ एवढीच सूचना पुरत नाही. ठिकाण, वाहन, चारा आणि मुदत यांच्यासह आलेली सूचनाच माणसाला हलवते.

इंग्लंडमध्ये पुराच्या सूचनेच्या तीन पायऱ्या आहेत. पहिलीचा अर्थ तयारी करा, दुसरीचा अर्थ आता हालचाल करा, तिसरीचा अर्थ जिवाला धोका आहे. पाणी किती फूट हे त्या सूचनेत दुय्यम असते, तुम्ही काय करायचे हे मुख्य असते. हे करायला महागडी यंत्रणा लागते असे नाही. शिरोळपुरते बोलायचे तर पुराचे सलग अनुभव असलेली गावे आहेत, दोन महापुरांच्या खुणा भिंतींवर आहेत आणि रोजच्या पातळ्यांची नोंद होते. नृसिंहवाडी किंवा राजापूरच्या पट्टीवर अमुक फूट झाले की अमुक गावचा रस्ता जातो, तमुक गल्लीत पाणी येते, असा गावनिहाय तक्ता करण्याचे साहित्य तालुक्यात आहे. ते कुठे पोलीस पाटलाच्या डोक्यात आहे, कुठे तलाठ्याच्या वहीत, कुठे नावाड्याच्या अंदाजात. ते एका कागदावर आणून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे, ही पहिली सेवा.

अडचण अशी की तालुका नागरिकाला एकच वाटतो आणि प्रशासनाला तो अनेक खात्यांचा बनलेला असतो. स्थलांतर आणि पंचनामे तहसीलदारांकडे, ग्रामपंचायती आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे पंचायत समिती व जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत, जयसिंगपूर, कुरुंदवाड आणि शिरोळच्या नगरपरिषदा आपापल्या हद्दीत, नदी पाटबंधाऱ्याची, रस्ता बांधकाम खात्याचा, वीज महावितरणची, गाडी एसटीच्या आगाराची. प्रत्येक जण आपले निवेदन काढतो. कुरुंदवाडच्या पलीकडच्या माणसाला दवाखान्यात जायचे तर या सगळ्यांचे तुकडे त्यालाच जोडावे लागतात. पूरकाळात सकाळ-संध्याकाळ निघणारे एकच तालुका निवेदन, त्यात पातळी, रस्ते, एसटी, वीज, दवाखाने, निवारा आणि चारा एवढे सात मथळे, याने बरेच भागेल. त्याचा कर्ता तहसील कार्यालयच असू शकतो, कारण आपत्तीत समन्वयाची जबाबदारी त्याचीच आहे.

हे निवेदन फक्त मोबाइलवर पाठवून चालणार नाही. महापुरात आधी वीज जाते, मग मनोऱ्याची बॅटरी, मग फोन. ज्याला निवेदनाची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच हातातला फोन तेव्हा बंद असतो. दवंडी, देवळाचा किंवा मशिदीचा भोंगा, घंटागाडीचा ध्वनिक्षेपक ही जुनी साधने म्हणूनच टाकाऊ नाहीत. सीमेलगतच्या वाड्यांत कन्नड बोलणारी घरे आहेत, त्यांच्यासाठी दोन वाक्ये कन्नडमध्ये सांगणे हे सौजन्य नाही, सुरक्षेचा भाग आहे.

पाणी ओसरल्यावर माहितीची दुसरी परीक्षा सुरू होते, आणि ती पहिलीपेक्षा लांब चालते. २०१९ मध्ये पूरग्रस्त कुटुंबाला ग्रामीण भागात १० हजार आणि शहरी भागात १५ हजार रुपये सानुग्रह अनुदान मिळाले. पिकांसाठी किमान ३३ टक्के नुकसानीची अट असते आणि मदतीला क्षेत्राची मर्यादा असते. आता यादीत नाव आल्यावर विशिष्ट क्रमांक मिळतो, त्यावर अनेकांना सेवा केंद्रात जाऊन ई-केवायसी करावी लागते, मगच पैसे खात्यात येतात. ही साखळी कुठेही तुटली तरी शेतकऱ्याला दिसते ते एकच, की शेजाऱ्याला मिळाले आणि मला नाही. मग चावडीवर संशय पिकतो. पंचनाम्याची यादी अंतिम होण्याआधी गावात वाचून दाखवली, वगळलेल्या नावापुढे कारण लिहिले आणि हरकतीला मुदत दिली, तर अर्धी भांडणे तिथेच मिटतील. खंडाने शेती करणारे आणि भाड्याच्या घरात राहणारे मजूर यांची नावे सर्वांत आधी गळतात, कारण त्यांच्या नावावर उतारा नसतो. जाहीर वाचनाचा खरा उपयोग त्यांनाच आहे.

या मागण्या कृपेच्या नाहीत. माहिती अधिकार कायदा २००५ चा आहे. त्याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक प्राधिकरणांवर कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता आपणहून माहिती प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे. कोणती सेवा किती दिवसांत मिळेल, ती देणारा अधिकारी कोण, अपील कोणाकडे, हे कार्यालयात फलकावर लावणे त्यात सक्तीचे आहे. मुदत टळली तर कार्यालयातच पहिले आणि दुसरे अपील, त्यानंतर आयोगाकडे तिसरे. कसूर झाल्यास अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. जूनमध्ये प्रवेशासाठी याच कायद्याखाली येणारे उत्पन्नाचे आणि नॉन-क्रिमीलेअरचे दाखले काढणाऱ्यांची रांग आणि पुराची तयारी एकाच महिन्यात, एकाच कार्यालयावर येऊन पडतात. कायदा माहीत असलेला माणूस पोचपावती मागतो, नसलेला पुन्हा उद्या येतो. हा फरक मिटवायला नवा कायदा नको, फलक वाचता येईल अशा जागी हवा.

प्रशासनाचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. एका तलाठ्याकडे एकापेक्षा जास्त गावे असतात. नदीचा अंदाज चुकू शकतो, आणि एकदा विनाकारण गाव हलवले की पुढच्या वेळी कोणी हलत नाही. पाऊस कर्नाटकातल्या धरणांच्या आणि कोयनेच्या पाणलोटात किती पडेल हे शिरोळचे तहसीलदार ठरवत नाहीत. ही बाजू खरी आहे. पण अंदाज चुकण्याची भीती हे माहिती रोखण्याचे कारण होऊ नये. ‘पाणी एवढे चढण्याची शक्यता आहे, संध्याकाळी पाचला पुन्हा सांगू’ असे म्हणणारे कार्यालय चुकले तरी लोक त्याला समजून घेतात. दोन दिवस गप्प राहून अचानक घर सोडायला सांगणाऱ्याला ते समजून घेत नाहीत.

अलमट्टीच्या उंचीचा प्रश्नही याच नजरेने पाहायला हवा. सध्याची ५१९.६० मीटर पातळी ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याला कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० मध्ये दिलेली मोकळीक आणि तिला महाराष्ट्राचा विरोध, हा दोन राज्यांचा वाद त्याच्या ठिकाणी चालू राहील. तो मिटेपर्यंत शिरोळच्या माणसाला रोज कळायला हवे ते म्हणजे अलमट्टीत आवक किती आणि विसर्ग किती. दोन राज्यांच्या अधिकाऱ्यांमध्ये पावसाळ्यात या आकड्यांची देवाणघेवाण होते. ते गावच्या फलकापर्यंत आले तर अफवांना जागा उरत नाही.

मग हे विचारायचे कोणी? जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि दीर्घकाळ प्रशासकांनी कारभार पाहिला. सर्वोच्च न्यायालयाला ६ मे २०२५ रोजी स्थानिक संस्थांच्या निवडणुका चार महिन्यांत घ्या, असे सांगावे लागले. सभागृह रिकामे असताना तालुक्याचा प्रश्न जाहीरपणे विचारण्याची जागाच राहत नाही. ग्रामसभा मात्र त्या काळातही शाबूत होती आणि तिच्या तारखा ठरलेल्या आहेत. १ मे ची ग्रामसभा पावसाळ्याच्या महिनाभर आधी येते. गावाचा पूरतक्ता तिथे वाचावा, निवाऱ्याच्या आणि चाऱ्याच्या जागेला मंजुरी घ्यावी. १५ ऑगस्टला निवेदने वेळेवर आली का याचा जाब घ्यावा, २ ऑक्टोबरला मदतीच्या याद्या वाचाव्यात. यासाठी वेगळा निधी लागत नाही, विषयपत्रिकेवर तीन ओळी लागतात. त्या लिहून देण्याचा अधिकार प्रत्येक ग्रामस्थाला आहे, आणि त्या नसतील तर पुढच्या महापुरानंतर प्रशासनाला दोष देताना ग्रामसभेलाही आपला वाटा मान्य करावा लागेल.