नवे पिल्लू, जुनी मांजरे आणि आपले शब्द

घरात आधीपासून दोन मांजरी आहेत आणि पावसाळ्यात जिन्याखाली सापडलेले एक पिल्लू आपण उचलून वर आणतो. पहिल्या तासाभरात जे घडते त्याचे वर्णन बहुतेक घरांत एकाच शब्दात उरकले जाते: मत्सर. 'मोठीला सहन होत नाही', 'सवत आल्यासारखी करते', 'लाडात वाटेकरी आला ना!' वीसेक वर्षे मराठी शिकवणाऱ्या आम्हा मंडळींची या शब्दाबद्दल तक्रार आहे, आणि ती केवळ शब्दापुरती नाही. एकदा 'मत्सर' म्हटले की पुढची कृती ठरून जाते. मत्सर हा दुर्गुण. तेव्हा मोठीला रागवायचे, तिची समजूत घालायची, किंवा 'भांडू द्या, आपोआप जमेल' म्हणून दोघींना एका खोलीत सोडून द्यायचे. हे उपाय फसले की आठवड्याभरात पिल्लू पिशवीत घालून मासळीबाजाराच्या कडेला सोडले जाते. नाहीतर जुनी मांजर गादीवर मुतू लागते आणि 'बिघडली' असा शिक्का बसून तिची रवानगी गच्चीवर होते. एका शब्दाची एवढी किंमत कुणा मुक्या जिवाला मोजावी लागत असेल, तर तो शब्द तपासणे हे भाषेच्या शिक्षकांचे काम आहे असे आम्हांला वाटते.

डार्विनने 1872 साली भावनांच्या आविष्कारावर जो ग्रंथ लिहिला त्यात मांजराची चित्रे आहेत. पाठीची कमान केलेले, केस पिंजारलेले, दात विचकणारे एक मांजर त्यात दिसते. आपण या मुद्रेला सरसकट 'अंगावर येणे' म्हणतो. डार्विनने मात्र चित्राखाली लिहिले आहे की हे मांजर कुत्र्याला घाबरलेले आहे. निरीक्षण तेच, नाव वेगळे. आणि नाव बदलताच आपले कर्तव्यही बदलते, कारण भ्यालेल्याला कुणी रागवत नाही. फिस्कारणे म्हणजे भांडण नव्हे. 'तिथेच थांब' एवढाच त्याचा अर्थ. तो मान्य झाला, म्हणजे पलीकडचा प्राणी थांबला, की बहुधा पुढे काही घडत नाही. पण आपण काय करतो? पिल्लाला हातात घट्ट धरून मोठीच्या नाकाशी नेतो. पिल्लाला पळता येत नाही, मोठीला अंतर मिळत नाही, आणि ओरखाडे निघतात ते आपल्या मनगटावर.

जुन्या मांजरीची बाजू समजून घ्यायला हितोपदेशातली जरद्गव गिधाडाची गोष्ट उपयोगी पडते. दीर्घकर्ण नावाचा बोका गोड बोलून त्या आंधळ्या गिधाडाच्या ढोलीत आश्रय मिळवतो, झाडावरच्या पक्ष्यांची पिल्ले फस्त करतो आणि जीव जातो तो गिधाडाचा. ज्याचे कुलशील ठाऊक नाही त्याला थारा देऊ नये, हे त्या कथेचे तात्पर्य विद्यार्थ्यांना पाठ असते. गंमत अशी की कथेत मांजर संशयित आहे; आपल्या दिवाणखान्यात मात्र मांजरच त्या वृद्ध पहारेकऱ्याच्या जागी बसलेली असते आणि अज्ञातकुलशील असते ते चार बोटांचे पिल्लू. मोठी त्याचे कुलशील विचारते. फक्त ती ते डोळ्यांनी नव्हे, नाकाने विचारते.

मांजराच्या गालांवर, हनुवटीखाली, पंजांच्या तळव्यांत गंधग्रंथी असतात. दाराच्या चौकटीला, टेबलाच्या पायाला, आपल्या पोटरीला ती गाल घासत फिरते तेव्हा लाडाइतकीच ती नोंदही करत असते. सारे घर तिच्या लेखी असे सही केलेले असते. त्यात बिनसहीचे काहीतरी अचानक, धावत, म्याव म्याव करत येते. म्हणून ओळख करून द्यायची ती आधी वासाची, मग आवाजाची आणि सर्वांत शेवटी रूपाची. माणसांत आपण नेमके उलटे करतो, आणि तीच रीत मांजरांवर लादतो.

गेल्या वर्षी आमच्या घरी एक आठ वर्षांची आणि एक पाच वर्षांची अशा दोन नसबंदी झालेल्या मांजरी असताना साधारण दोन महिन्यांचे पिल्लू आले. पुस्तकांची खोली बारा दिवस बंद ठेवली. यातला पहिला हेतू वैद्यकीय: पॅनल्यूकोपेनियासारखा जीवघेणा रोग बाहेरच्या पिल्लाकडून येऊ शकतो, आणि पिल्लाची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होऊन तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते. पशुवैद्याकडे नेऊन आणल्याखेरीज पिल्लू इतरांत मिसळू देणे हा जुगारच. दुसरा हेतू वासाचा. पिल्लाच्या अंगाखालचे फडके बाहेर, मोठ्यांचे आत. पहिल्या दिवशी आठ वर्षांची त्या फडक्यावर फिस्कारली. पाचव्या दिवशी त्याच फडक्यावर बसून तिने सावकाश अंग चाटले. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी उकडलेल्या कोंबडीच्या बश्या, रोज वीतभर जवळ सरकवलेल्या. मग जाळीचे दार. मग दहा मिनिटांची भेट, कुणीतरी घरात असताना. यात करमणूक काही नाही, आणि कंटाळवाणे वाटते हे आम्ही मान्य करतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो: आमच्या आजीच्या वाड्यात पाच-सहा मांजरे होती, कुणी त्यांची असली मिरवणूक काढली नाही. खरे आहे. पण त्या वाड्याला माळा होता, परसू होते, कौले होती. जिला पटले नाही ती कौलांवरून शेजारी जाई, आणि गेली तर कुणी मोजत नसे. शिवाय त्या मांजरी बहुधा आई-लेकी-मावश्या असत. पाळीव मांजराचा पूर्वज उत्तर आफ्रिका व पश्चिम आशियातला, एकट्याने शिकार करणारा रानमांजर. तरीही नात्यातल्या माद्या अन्नाच्या आसपास एकत्र राहतात, एकमेकींची पिल्लेही पाजतात. वाड्यातला सलोखा हा नात्याचा आणि मोकळ्या जागेचा होता. तिसऱ्या मजल्यावर, खिडक्यांना जाळ्या लावलेल्या दोन खोल्यांत यांपैकी काहीच नाही. जागा देता येत नसेल तर वेळ तरी द्यावा लागतो. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत, जिथे पहिली भेट ओरखाड्या-चाव्यांची झाली तिथे पुढेही मारामाऱ्या होत राहिल्याचे आढळले होते. म्हणजे 'भांडू द्या, जमेल' या भरवशाला आधार थोडाच.

भक्तिसंप्रदाय शिकवताना आपण मर्कटन्याय आणि मार्जारन्याय सांगतो. माकडाचे पिल्लू आईला घट्ट धरते. मांजराचे पिल्लू स्वतः काही करत नाही, आईच त्याला मानेला धरून नेते. शरणागतीचे ते सुंदर रूपक आहे. पण परक्या घरात आणलेल्या पिल्लाला आई नसते, आणि मोठी मांजर तिच्या जागी उभी राहीलच असे नाही. 'मावशी' म्हणून आपण तिची ओळख करून देतो तेव्हा आपण नाते सांगत नसतो, नात्याची मागणी करत असतो. मत्सराइतकाच हा शब्दही तिच्यावर अन्यायच करतो.

जर्मन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ पाउल लायहाउझेन यांनी दाखवले की मांजरांत कायमची उतरंड सहसा नसते. एकच वाट दोघे वेगवेगळ्या वेळी वापरतात, आणि जो आधी आला त्याला दुसरा जाऊ देतो. आमच्या घरी हेच झाले. पाच वर्षांची पिल्लाबरोबर खेळते. आठ वर्षांची खेळत नाही, शेजारी झोपतही नाही. पूर्वेच्या खिडकीतले सकाळचे ऊन तिचे, दुपारी तीच जागा पिल्लाची. येणारेजाणारे विचारतात, 'अजून पटले नाही वाटते?' आमच्या मते पटले आहे. पटणे म्हणजे गळ्यात गळा घालणे ही कल्पना कौटुंबिक कादंबऱ्यांतून आलेली असावी.

वाळूचे ट्रे मात्र मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त ठेवावेत, आणि ते वेगवेगळ्या जागी. एकाच कोपऱ्यात ओळीने लावले तर मांजरांच्या दृष्टीने तो एकच ट्रे, आणि वाटेत बसून तो अडवता येतो. तीन मांजरांना चार. दोन खोल्यांच्या घरात चौथा कुठे ठेवावा यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. सध्या तो वाङ्मयेतिहासाच्या खंडांखालच्या रिकाम्या कप्प्यात आहे.