पडू म्हणून बसू नका

“आई, पडशील, घरीच बस,” असे मुले मायेने म्हणतात. माझे मत उलट आहे. बसून बसून मांड्या दुबळ्या होतात, तोल सुटतो आणि पडण्याचा धोका वाढतोच.

सिडनीत मॅनलीजवळ नॉर्थ हेडवर फेअरफॅक्स वॉक ही सुमारे १ किलोमीटरची गोल वाट आहे. वाट पक्की, बाजूला बँक्सियाची झाडी, खाली अथांग समुद्र. मे ते नोव्हेंबरमध्ये नशीब असेल तर देवमासेही दिसतात. अलिबाग-रेवदंड्याकडच्या आपल्या माणसांना ही खारी हवा लगेच ओळखीची वाटेल. मी थांबत थांबत, सावकाश फेरी पुरी करते.

रोजच्या १०,००० पावलांचा धसका घेऊ नका. तो आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावावरून रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटना मात्र पासष्टीनंतर आठवड्यातून किमान ३ दिवस तोल आणि ताकद वाढवणारा व्यायाम सांगते.

पायात घट्ट बूट, डोक्यावर टोपी, हातात काठी, पिशवीत पाणी आणि रोजची औषधे असावीत. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर तिथेच बसा आणि मदत मागा.

मुलांनो, आईवडिलांना अडवू नका. त्यांच्या चालीने सोबत चला.