यंत्राचे हात आणि श्वासाची किंमत

मानेतून निघणारा फ्रेनिक मज्जातंतू निकामी झाला की छातीच्या तळाचे श्वासपटल लुळे पडते. हृदयावरील शस्त्रक्रिया, अपघात, गाठ अशी त्याची कारणे अनेक. कित्येकदा कारण सापडतही नाही. श्वास घेताना खाली सरकण्याऐवजी हे पटल वर ढकलले जाते व फुप्फुसाची जागा बळकावते. जिना चढताना किंवा आडवे पडताच रुग्णास धाप लागते आणि बरेचदा उपचार मात्र दम्याचे चालू राहतात. सैल पटलास चुण्या घालून ते ताणून शिवणे हा यावरील जुना उपाय होय. पूर्वी त्यासाठी छाती उघडावी लागे. पुढे ते काम दुर्बिणीने होऊ लागले, आता यंत्रमानवाच्या साहाय्यानेही होते.

‘यंत्रमानव’ हा शब्द मात्र फसवा आहे. यंत्राचे हात हलवितो तो शल्यविशारदच. अरुंद जागेत टाके घालताना मनगटासारखी वळणारी अवजारे उपयोगी पडतात, यात शंका नाही. परंतु मृत मज्जातंतू त्यामुळे जिवंत होत नाही. एका बाजूच्या लुळेपणाचा अनेकांना त्रासच होत नाही. काहींचा मज्जातंतू काही महिन्यांत आपोआप सावरतो. दुर्बिणीपेक्षा यंत्र श्रेष्ठ असल्याचा निर्णायक पुरावाही अद्याप पुढे आलेला नाही.

विलेपार्ल्यात नानावटी रुग्णालयात यंत्रमानवी शस्त्रक्रिया होतात. त्याच उपनगरात महापालिकेचे कूपर रुग्णालय गोरगरिबांची गर्दी सांभाळते. या दोहोंच्या मध्ये उभा असतो तो शिक्षक आणि कारकून. विमा नियामकाच्या 2019 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी यंत्रमानवी शस्त्रक्रिया विम्यातून सरसकट वगळण्यास मज्जाव केला. पण खर्चाची मर्यादा घालण्याची मुभा कंपन्यांना दिली. ही मर्यादा बहुधा बिल हाती पडल्यावरच कळते.

गुरुग्रामच्या कंपनीने ‘मंत्रा’ हे स्वदेशी यंत्र बनविले, हे स्वागतार्हच आहे. तथापि, यंत्र स्वस्त होईपर्यंत निदान तरी थांबू नये. क्ष-किरण आणि सोनोग्राफी यांनी पटलाची हालचाल तपासता येते, आणि ही साधने सार्वजनिक रुग्णालयांतही असतात. शस्त्रक्रियेची खरोखर गरज आहे काय, दुर्बिणीने भागेल काय आणि यंत्रामुळे खर्च किती वाढेल, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे प्रत्येक रुग्णालयाने आधीच दिली पाहिजेत. श्वास कोंडलेल्या माणसास घासाघीस करता येत नाही; म्हणूनच त्याच्या वतीने नियमांनी बोलले पाहिजे.