सेवापुस्तिका नसलेल्यांचा बायोडाटा

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली की चेन्नईत पेरंबूर, अयनावरम, विल्लीवाक्कम या भागांतल्या आपल्या मराठी घरांतून एक मागणी हमखास येते : "भाऊ, शाळेत मदतनीस घेताहेत. बायोडाटा मागितलाय. लिहून द्याल का?" विचारणारी कुणा रेल्वे कामगाराची पत्नी असते, तर कधी टपाल खात्यातल्या सहकाऱ्याची बारावी झालेली मुलगी. काम असते वर्गातले. शिक्षिकेच्या मदतीला राहायचे, लहानग्यांना शौचालयाला न्यायचे, डबा भरवायचा, चालता न येणाऱ्या मुलाची चाकाची खुर्ची वळवायची, रडणाऱ्याला शांत करायचे. या कामाला कुणी आया म्हणतात, कुणी हेल्पर, कुणी मदतनीस. नाव कोणतेही असो, ती दोन तास आली नाही तर वर्ग चालत नाही.

मागे सोलापूरकडच्या एका वहिनी झेरॉक्सच्या दुकानातून छापून घेतलेला कागद घेऊन आल्या. वर गणपती, खाली नाव, जन्मतारीख, जात, उंची, वर्ण, यजमानांचे नाव आणि त्यांचा पगार. रास आणि नाडी तेवढी राहिली होती! दुकानदाराकडे लग्नाचा नमुना होता, त्याने तोच भरून दिला. हसू आले, पण खालची ओळ वाचून हसू थांबले. 'अनुभव' या शब्दापुढे वहिनींनी लिहिले होते : 'नाही'.

वास्तविक या बाईंनी शेजारच्या घरातल्या एका दिव्यांग मुलाला चार वर्षे सांभाळले होते. त्याची आई कामावर जाई. रोज त्याला शाळेत नेणे-आणणे, भरवणे, कपडे बदलणे, फिट आली तर कुशीवर वळवून वेळ पाहणे, हे सारे वहिनींनी केले. मी विचारले, "मग अनुभव नाही असे का लिहिले?" त्या म्हणाल्या, "त्याचा पगार कुठे मिळत होता, भाऊ?"

कामगार बंधू-भगिनींनो, सगळा प्रश्न या एका उत्तरात आहे. ज्याचा पगार नाही ते काम नाही, हे मालकाचे गणित आपल्या घरातल्या बायकांनी मुकाट्याने स्वीकारले आहे. आणि ते त्यांना कुणी शिकवले? आपणही त्याला जबाबदार आहोत. आपल्याला भरतीच्या दिवसापासून सेवापुस्तिका असते. बदली, बढती, रजा, वेतनवाढ, सारे तिच्यात चढते, आणि एक नोंद चुकली तर आपण कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतो. मदतनीस बाईला सेवापुस्तिका कोण देतो? तिचा बायोडाटा हेच तिच्या सेवापुस्तिकेचे पहिले पान. ते तिने स्वतःच लिहायचे, आणि विनवणीसारखे नव्हे, हिशेबासारखे लिहायचे.

मग लिहायचे काय? एक पान पुरे. वर नाव, पत्ता, फोन आणि कोणत्या पदासाठी अर्ज आहे ते. जात, धर्म, उंची, नवऱ्याचा पगार, आधार क्रमांक यांचे तिथे काम नाही. त्यानंतर थेट केलेले काम. 'मला मुलांची खूप आवड आहे' हे वाक्य प्रत्येक अर्जात असते, म्हणून ते कुणी वाचत नाही. त्याऐवजी वहिनींच्या कागदावर आम्ही लिहिले : 'स्वतः चालू न शकणाऱ्या एका मुलाची चार वर्षे देखभाल. रोज शाळेत ने-आण. खुर्चीतून उचलून बाकावर बसवणे, भरवणे, शौचालयाची मदत. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध पालकांच्या सूचनेनुसार वेळेवर देणे.' यात एकही विशेषण नाही. मुख्याध्यापिकेला मात्र कळते की ही बाई पहिल्या दिवशी गोंधळणार नाही.

किती मुले, कोणत्या वयाची, किती वर्षे, हे आकड्यांत लिहावे. बालवाडीत महिनाभर बदली म्हणून काम केले असेल तर तेही महिन्यासकट लिहावे. भाषांबद्दल खरे सांगावे : 'तमिळ बोलता येते, सावकाश वाचता येते, मराठी, हिंदी उत्तम, इंग्रजी सूचना समजतात.' चेन्नईत तमिळ न येता वर्गात उभे राहता येत नाही. पण वसाहतीच्या शेजारच्या शाळेत मराठी-हिंदी घरांतली मुलेही असतात, आणि पहिल्या आठवड्यात आईसाठी रडणाऱ्या अशा मुलाला समजावायला चार भाषांची बाई सोन्यासारखी असते. हा गुण आपल्या बायका कधीच लिहीत नाहीत.

प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र असेल तर जोडावे. रेल्वेत सेंट जॉन अॅम्ब्युलन्सची परंपरा जुनी आहे. घरच्यांना तो वर्ग करता येईल का याची आपापल्या ठिकाणी चौकशी करावी. मात्र नसलेली पदवी लावू नये. 1992 च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याप्रमाणे विशेष शिक्षकाला परिषदेकडे नोंदणी लागते. मदतनीस म्हणून केलेल्या कामाला 'विशेष शिक्षिका' म्हटले तर पहिल्याच चौकशीत अर्ज बाद होतो आणि खऱ्या अनुभवावरही शंका येते. शेवटी दोन ओळखीच्या व्यक्तींची नावे द्यावीत, पण त्यांना आधी विचारून. शाळा पोलीस पडताळणी मागेल, त्यात अपमान मानू नये. प्रश्न मुलांच्या सुरक्षिततेचा आहे.

काही जण म्हणतील, "अहो, एका आयाच्या नोकरीसाठी एवढा खटाटोप?" त्यांनी थोडा इतिहास पाहावा. आज तमिळनाडूच्या गल्लीतही जो 'अंगणवाडी' शब्द ऐकू येतो, तो आपल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बोर्डी-कोसबाडच्या कामातून पुढे आला. याच चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, 1939 साली मारिया माँटेसोरी अड्यारला आल्या आणि त्यांनी शिक्षकांना बालशिक्षणाचे धडे दिले. इथेच 1985 साली स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया या नावाने सुरू झालेल्या, आणि आज 'विद्या सागर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचे काम उभे केले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा मुलांना इतर मुलांबरोबर शिकण्याचा हक्क दिला. पण वर्गात त्या मुलाशेजारी बसणारे माणूस नसेल तर हा हक्क कागदावरच राहील. ते माणूस म्हणजे ही मदतनीस.

आणि कागदाचे मोल काय असते ते 25 एप्रिल 2022 रोजी दिसले. गुजरातच्या दाहोद जिल्ह्यातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याचा लाभ दिला. त्यांना मिळते ते मानधन आहे, वेतन नव्हे, हा युक्तिवाद टिकला नाही. मानधनही वेतनाच्या व्याख्येत बसते, असे न्यायालयाने म्हटले. देशात ही योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली होती. म्हणजे 'मानधन' या गोड शब्दातून बाहेर पडायला साडेशेहेचाळीस वर्षे लागली! असा हक्क मागायला उभे राहताना पहिला प्रश्न येतो : केव्हापासून काम करता, पुरावा काय? तेव्हा अर्जाची प्रत, नेमणुकीचे पत्र, हजेरीची नोंद, पगाराची पावती हेच उपयोगी पडते.

म्हणून बायोडाटा देताना आपली प्रत ठेवावी आणि तिच्यावर पोच घ्यावी. टपालाने पाठवायचा तर पावती जपावी. रजिस्टर्ड पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले, पण पावतीचे महत्त्व विलीन झालेले नाही, हे टपालवाल्या बांधवांना सांगायला नको. नोकरी मिळाली की लेखी नेमणूक मागावी. पगार शाळा देणार, ठेकेदार देणार की त्या मुलाचे पालक, हेही पहिल्याच दिवशी विचारावे. अनेक खासगी शाळांत दिव्यांग मुलासाठीच्या मदतनिसाचा पगार पालकांवर टाकतात. मग ती वर्गात शाळेचे ऐकते आणि पगाराच्या वेळी शाळा तिला ओळखत नाही. नुसत्या चांगल्या बायोडाटाने हा अन्याय दूर होणार नाही, हे मी जाणतो. वशिल्यापुढे कागद हरतो, हेही पाहिले आहे. पण कागदच नसेल तर युनियनने तरी भांडायचे कशाच्या आधारावर?

आपल्या शाखांना एक सूचना करावीशी वाटते. मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये एक टेबल मांडा. चार्जशीटला उत्तर लिहून देणारे तरबेज लोक आपल्याकडे आहेत. त्यांनी दोन तास बसून वसाहतीतल्या बायका-मुलींचे बायोडाटे लिहून द्यावेत. आधी मराठीत तोंडी ऐकावे, मग इंग्रजीत किंवा तमिळमध्ये उतरवावे. वेळ लागतो तो ऐकायला.

त्या वहिनींना नोकरी मिळाली का, असे आपण विचाराल. पहिल्या शाळेत नाही मिळाली. दुसरीत मिळाली, ठेकेदारामार्फत, आणि नेमणुकीचे पत्र त्यांनी मागून घेतले. घरी परत येताना म्हणाल्या, "भाऊ, तो कागद मुलीला वाचून दाखवला. ती म्हणाली, आई, तू एवढे काम करत होतीस?"

आपापल्या घरी एकदा हा प्रश्न विचारून पाहा, आणि उत्तर लिहून ठेवा.