बाटली नको, नाव हवं

वाइन म्हणजे दारू नव्हे, असं कोणी ठासून सांगू लागलं की मला हसू येतं. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचं ठरवलं, तेव्हा हे वाक्य उठता-बसता कानावर पडायचं. त्याच्या जोडीला शेतकऱ्याचं भलं. कोणत्या शेतकऱ्याचं? द्राक्षं नाशिककडची. आमच्या वर्धा जिल्ह्यात कापूस, सोयाबीन, तूर, अन् आर्वी-कारंजाकडे संत्री. शिवाय इथे १९७४ पासून दारूबंदी, त्यामुळे आम्ही त्या निर्णयातून वगळलेलेच होतो.

तरी वाइनवर लिहितेय, ते लेकीमुळे. ती इटलीत असते. तिने मला सार्डिनिया बेटावर नेलं. बेटाच्या ईशान्येला गाल्लुरा नावाचा मुलूख आहे. ग्रॅनाइटचे खडक, झाडं वाकवणारा वारा आणि खडकाचाच चुरा झालेल्या हलक्या जमिनीत व्हर्मेंतिनो नावाच्या पांढऱ्या द्राक्षाचे वेल. खानावळीत जावईबापूंनी तीच वाइन मागवली. बारा-तेरा टक्के अल्कोहोल, म्हणजे दारूच. मी पेला उचलला तशी लेक म्हणाली, ‘‘आई, थांब. आधी शिंपल्या खा.’’

शिंपल्यांबरोबर फ्रेगोला होता, म्हणजे रव्याच्या बारीक भाजलेल्या गोळ्या. पातळ, कडक पोळ्या आणि त्यांवर किसलेली बोत्तार्गा, म्हणजे माशाची खारवून वाळवलेली गाभोळी. तोंडात तो खारटपणा असताना घोट घेतला. आंबटसर, गार, शेवटी किंचित कडवट. नुसतीच घेतली असती तर पेला बाजूला सारला असता. आजूबाजूला पाहिलं, तर ताटाशिवाय कोणाच्याच हातात पेला नव्हता.

परत आल्यावर मनातल्या मनात जोड्या लावल्या. सावजी रस्सा पहिल्या फटक्यात बाद, तिखटावर दारूचा जाळ आणखी भडकतो. सांबारवडी चालेल. गोळाभातही चालेल, वरून हिंग-मिरचीचं तेल जरा हात राखून घातलं तर. पण सगळ्यांत फर्मास जमेल ती मीठ, लिंबू आणि वायगावची हळद चोळून तळलेली मरळ. अर्थात वर्ध्यात मी हे सगळं ताकावर भागवते आणि माझं काही अडत नाही.

हळदीवर मात्र मी अडले. ‘व्हर्मेंतिनो दी गाल्लुरा’ला १९९६ मध्ये इटलीतला सर्वांत वरचा दर्जा मिळाला, सार्डिनियातल्या तेवढ्या एकाच वाइनला. द्राक्ष कुठल्या हद्दीतलं, एकरी उतारा किती, सगळं नियमाने बांधलेलं. हद्दीबाहेरच्याने ते नाव बाटलीवर लावायचं नाही. समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या वायगाव हळदीलाही भौगोलिक मानांकन आहे. रंग गडद, कुर्क्युमिन भरपूर. पण शहरातल्या दुकानात नाव घेऊन मागा, दुकानदार सुट्या हळदीच्या डब्याकडे बोट दाखवतो. मानांकन गावाला मिळालं म्हणून शेतकऱ्याच्या पोत्यावर ते आपोआप चढत नाही, त्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. ही धावपळ त्याच्यासाठी कोण करणार?

बंदीबद्दल विचाराल, तर मी बंदीच्याच बाजूची. मोहाचा सडवा पोलीस नाल्यात ओततात आणि थोड्याच दिवसांत भट्टी पुन्हा पेटते, हे मला दिसत नाही असं नाही. पण चोऱ्या होतात म्हणून आपण दाराची कुलपं काढून ठेवत नाही. इथला पिणारा बांधाआड उभ्या-उभ्या घशात ओततो आणि घरी जाऊन ताट भिरकावतो. अशा घरातल्या बाईला वाइनच्या नजाकतीचं कौतुक कोणत्या तोंडाने सांगायचं?

सेवाग्राम-पवनारला बारा महिने माणसं येतात, जेवतात, जाताना पिशवी भरून काहीतरी नेतात. त्यांच्यासाठी जेवणाच्या फलकावर ‘वायगावच्या हळदीचं वरण’ एवढं तरी लिहा. शेजारी मानांकनाच्या शिक्क्याची, शेतकऱ्याच्या गटाचं नाव छापलेली पाव किलोची पुडी ठेवा. त्याला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागत नाही.